स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार: ‘लक्ष देत नाही’ की लक्ष देता येत नाही?

‘दहावीपर्यंत चांगला हुशार होता. आता चार वस्तू आणायला सांगितल्या तर दोनच घेऊन येतो. काही मनावरच घेत नाही.’ मानसोपचारतज्ज्ञाकडे येणाऱ्या अनेक पालकांचे बोलणे असेच सुरू होते. मुलगा विचित्र बोलतो, कोणात मिसळत नाही, संशय घेतो, हे ते नंतर सांगतात. घरातली रोजची भांडणे मात्र बहुतेक वेळा विसरण्यावरून, रेंगाळण्यावरून आणि अर्धवट राहिलेल्या कामांवरून होतात.

स्किझोफ्रेनियाच्या गटातील व्यक्तिमत्त्व विकारांमध्ये, विशेषतः स्किझोटायपल विकारामध्ये, लक्ष, स्मरण आणि नियोजन यांच्या अडचणी बऱ्याच जणांना असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना आळस, हट्ट किंवा निष्काळजीपणा असे नाव पडते. या लेखात या अडचणी कशा ओळखायच्या, त्यांची दुसरी कारणे कोणती असू शकतात, उपचार काय आहेत आणि घरच्यांना काय करता येते, हे समजून घेऊ.

हा विकार नेमका काय आहे?

स्किझोफ्रेनिया हा शब्द आता बऱ्याच जणांना माहीत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी या आजाराच्या रुग्णाची भूमिका केली होती. त्या आजारात भास होतात, भ्रम पक्के होतात आणि काही काळ वास्तवाशी संबंध सुटतो.

स्किझोटायपल विकार त्याच कुळातला, पण सौम्य आहे. त्याची लक्षणे साधारणपणे किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला दिसू लागतात आणि दीर्घकाळ टिकतात:

- घराबाहेर जवळचा मित्र किंवा मैत्रीण जवळपास नसणे
- लोकांमध्ये गेल्यावर भीती वाटणे, आणि ओळख वाढली तरी ती कमी न होणे
- रस्त्यावरचे लोक आपल्याबद्दलच बोलत आहेत, टीव्हीवरचे वाक्य आपल्यालाच उद्देशून होते, असे वाटत राहणे
- संशयी स्वभाव
- बोलणे फार फिरवून, अस्पष्ट किंवा चमत्कारिक असणे
- आपल्याला इतरांचे विचार कळतात, पुढचे आधीच समजते, अशा समजुती

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. नवस बोलणे, ग्रह पाहणे, अंगात येण्यावर विश्वास ठेवणे हे आपल्या समाजात अनेकांमध्ये आढळते. जी समजूत साऱ्या घराची किंवा गावाची आहे, तिला आजाराचे लक्षण मानत नाहीत. ती घरच्यांनाही विचित्र वाटू लागली आणि तिच्यामुळे शिक्षण, काम, नाती अडू लागली, तर डॉक्टर विचार करतात.

याच कुळाजवळचे आणखी दोन व्यक्तिमत्त्व विकार आहेत. पॅरानॉइड विकारात संशय प्रमुख असतो, तर स्किझॉइड विकारात माणसांची ओढच कमी असते. आकलनाच्या अडचणींचा सर्वांत जास्त अभ्यास स्किझोटायपल विकारात झाला आहे, म्हणून हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

एका डॉक्टरांच्या कागदावर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ आणि दुसऱ्यांच्या कागदावर ‘स्किझोटायपल डिसऑर्डर’ असे लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. अमेरिकन वर्गीकरणात १९८० पासून याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण याला स्किझोफ्रेनियाच्या गटात ठेवते. नावे दोन असली तरी त्रास एकच आहे.

पुढे स्किझोफ्रेनिया होईल का?

घरच्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच असतो. स्किझोटायपल विकार असलेल्या काही जणांना पुढे स्किझोफ्रेनिया होतो. त्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त आहे, पण बहुतेकांना तो होत नाही. म्हणून घाबरून न जाता नियमित तपासणी चालू ठेवावी. गांजापासून दूर राहणे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्यांचा मेंदू मुळात नाजूक आहे त्यांच्यात गांजामुळे भास-भ्रम सुरू होण्याचा धोका वाढतो.

आकलनाच्या अडचणी म्हणजे काय?

या अडचणी म्हणजे मतिमंदत्व नव्हे. बुद्धी साधारण किंवा चांगलीही असू शकते. अडचण येते ती आलेली माहिती पकडून ठेवण्यात, तिच्यावर काम करण्यात आणि वेळेत उत्तर देण्यात.

१. लक्ष टिकवणे. सुरुवात होते, पण पंधरा-वीस मिनिटांत लक्ष सुटते. अंबडच्या कारखान्यात एकाच यंत्रावर चार तास नजर ठेवायची असेल, तर हे फार जड जाते.

२. कामापुरते लक्षात ठेवणे. याला कार्यरत स्मृती म्हणतात. ऐकलेली गोष्ट हातातले काम होईपर्यंत मनात धरून ठेवायची ही जागा. ‘रविवार कारंजावरून औषध घे, येताना बँकेत पासबुक भर आणि काकांना फोन कर’ या एका वाक्यात तीन कामे आहेत. पहिले करेपर्यंत तिसरे निसटते. या विकारात ही क्षमता कमी झालेली वारंवार आढळते. द्राक्षबागेत फवारणीचे द्रावण तयार करताना कोणत्या औषधाचे किती माप टाकले हे मध्येच विसरले, तर प्रश्न नुसत्या विसराळूपणाचा राहत नाही, जिवाला धोका होऊ शकतो.

३. ऐकलेले शिकणे. तोंडी सांगितलेली लांब माहिती मनात ठसत नाही. वर्गात बसूनही ‘सरांनी काय शिकवले’ हे सांगता येत नाही.

४. विचारांचा वेग. उत्तर येते, पण उशिरा. तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत समोरच्याला वाटते की याला काही येत नाही.

५. नियोजन आणि बदल. कामाचा क्रम लावणे, एक मार्ग बंद झाला तर दुसरा शोधणे अवघड जाते. रोजची बस आली नाही, तर दुसऱ्या मार्गाची बस किंवा रिक्षा न पाहता माणूस थांब्यावरच उभा राहतो किंवा घरी परत येतो.

६. समोरच्याचे मन ओळखणे. चेहऱ्यावरचे भाव, थट्टा, टोमणा, सूर यांचा अर्थ चुकतो. सहकारी सहज हसला तरी ‘मलाच हसला’ असे वाटते. संशयाला खतपाणी मिळते ते अनेकदा इथून.

स्किझोफ्रेनियातही याच प्रकारच्या अडचणी असतात आणि त्या अधिक तीव्र असतात. स्किझोटायपल विकारात त्या सहसा सौम्य असतात, आणि व्यक्तीगणिक फार फरक असतो. काहींना एक-दोनच अडचणी असतात, काहींना जाणवण्यासारखी एकही नसते.

माणूस शिक्षण पूर्ण करील का, नोकरी टिकवील का, स्वतःचे व्यवहार सांभाळील का, हे बऱ्याच अंशी या अडचणींवर ठरते. चमत्कारिक समजुती कमी झाल्या तरी या अडचणी मागे राहू शकतात. ‘आता काही विचित्र बोलत नाही, मग कामाला का जात नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

असे का होते?

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा असतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीच्या रक्ताच्या नात्यात स्किझोटायपल लक्षणे जास्त आढळतात. मेंदूची जडणघडण गर्भात सुरू होऊन विशीपर्यंत चालू राहते, आणि या प्रवासात सूक्ष्म फरक पडतात. कपाळामागचा मेंदूचा भाग माहिती धरून ठेवण्याचे आणि नियोजनाचे काम करतो. तिथले कार्य आणि डोपामिन नावाच्या रसायनाचे संतुलन यांचा या अडचणींशी संबंध आहे. लहानपणीचे तीव्र आघातही भर घालू शकतात.

आईने लाडावले, वडिलांनी धाक ठेवला नाही किंवा मुलगा मोबाइलवर असतो, एवढ्यावरून हा विकार होत नाही.

आधी दुसरी कारणे तपासून घ्या

विसरणे आणि लक्ष न लागणे यांची काही कारणे तुलनेने सहज दुरुस्त होतात. सगळे खापर विकारावर फोडण्यापूर्वी डॉक्टरांशी या गोष्टी बोला:

- जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता: पूर्ण शाकाहारी लोकांमध्ये ही बरीच आढळते.
- थायरॉइड आणि रक्तक्षय: साध्या रक्ततपासणीत कळतात.
- झोप: रात्रभर जागरण, पाळ्या बदलत राहणे, झोपेत घोरणे आणि श्वास अडणे.
- नैराश्य आणि चिंता: या विकारासोबत अनेकदा असतात आणि त्यांवर चांगले उपचार आहेत.
- व्यसने: दारू, गांजा.
- औषधांचा परिणाम: हातपाय ताठरणे किंवा कंप कमी व्हावा म्हणून दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध काहींची स्मरणशक्ती मंदावते. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी काही औषधेही तसे करतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. ‘ही अजून लागते का, मात्रा कमी करता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारा.
- जुने आजार: डोक्याला मार, फेफरे, लहानपणापासूनची अतिचंचलता किंवा स्वमग्नता.

तपासणी कशी होते?

या विकाराचे निदान करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून निदान करतात. आकलनाची मोजणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. आकडे ऐकून उलट क्रमाने सांगणे, शब्दांची यादी काही वेळाने आठवणे, विखुरलेले आकडे क्रमाने रेषेने जोडणे अशा या चाचण्या असतात. त्यांत पास-नापास नसते. कोणती बाजू भक्कम आहे आणि कुठे आधार लागेल, एवढे त्यातून कळते.

जाताना जुन्या गुणपत्रिका, चालू औषधांची यादी आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्ष घडलेली चार-पाच उदाहरणे लिहून न्या. ‘काहीच करत नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसे कळत नाही. ‘स्वयंपाकाचा गॅस दोनदा चालू राहिला’ हे लगेच उपयोगी पडते.

उपचार काय आहेत?

आकलनाच्या अडचणी थेट दूर करणारी खात्रीची गोळी आज उपलब्ध नाही. तरीही करण्यासारखे बरेच आहे.

औषधे. संशय, ताण किंवा विचित्र अनुभव जास्त असतील तर कमी मात्रेत अँटिसायकोटिक औषधे देतात. नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांची औषधे देतात. मन शांत झाले की लक्षही थोडे सुधारते.

आकलन-प्रशिक्षण. लक्ष, स्मरण आणि नियोजन यांचे टप्प्याटप्प्याचे सराव प्रशिक्षकासोबत काही आठवडे ते महिने करतात. याचा परिणाम मध्यम असतो. शिकलेले प्रत्यक्ष कामात वापरायला शिकवले तर तो जास्त टिकतो. नुसते मोबाइलवर कोडी सोडवून तेवढा फायदा होत नाही.

सामाजिक कौशल्यांचे प्रशिक्षण आणि समुपदेशन. संभाषण कसे सुरू करायचे, समोरच्याच्या हसण्याचे आणखी कोणते अर्थ असू शकतात, याचा सराव होतो.

व्यायाम. आठवड्यातून बहुतेक दिवस दम लागेल इतपत चालणे, सायकल किंवा पोहणे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये नियमित व्यायामाने लक्ष आणि स्मरणात काही सुधारणा दिसली आहे. मनःस्थिती आणि झोपेलाही त्याचा फायदा होतो.

जुळणारे काम. गोंगाट, घाई आणि सतत बदल असलेल्या कामापेक्षा ठरलेल्या क्रमाचे, शांत जागेतले काम बहुधा जास्त टिकते.

घरच्यांनी काय करावे?

- एका वेळी एकच काम सांगा. ते झाले की दुसरे.
- आधी टीव्ही बंद करा, नाव घेऊन हाक मारा, मग बोला.
- लिहून द्या. चिठ्ठी किंवा मोबाइलवर संदेश. तीन कामे असतील तर तीन ओळी, आणि झालेल्या कामावर खूण.
- परत म्हणवून घ्या, पण परीक्षा घेतल्यासारखे नको. ‘मी नीट सांगितलं ना? काय काय आणायचं ठरलं आपलं?’ असे विचारा.
- वस्तूंच्या जागा ठरवा. किल्ली, पाकीट, औषध रोज एकाच जागी.
- औषधासाठी खणांची डबी आणि मोबाइलचा गजर वापरा.
- उत्तराला वेळ द्या. दहा सेकंद शांत थांबा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.
- धोक्याची कामे एकट्यावर टाकू नका. फवारणीची मापे, गॅस, यंत्रे, मोठे पैशांचे व्यवहार यांत लेखी यादी आणि दुसरा माणूस असावा.
- विचित्र समजुतीवर वाद घालू नका, होकारही देऊ नका. ‘तुला तसं वाटतंय, त्याचा त्रास होतोय, हे मला कळतं’ एवढे पुरेसे असते.

एक उदाहरण घेऊ. सातपूरला राहणाऱ्या तरुणाला पहिल्या पाळीची कंपनीची गाडी रोज चुकते. आई सकाळी पाच वेळा ओरडते, तो अधिकच गडबडतो. आता रात्रीच कपडे, डबा आणि ओळखपत्र एका खुर्चीवर ठेवले. भिंतीवर चार ओळींचा कागद लावला: उठणे, अंघोळ, नाश्ता, निघणे, प्रत्येकासमोर वेळ. दोन गजर लावले. आईने फक्त एकदा विचारायचे, ‘कागदावर कुठपर्यंत आलास?’ गाडी रोज मिळेलच असे नाही. पण पाचपैकी तीन दिवस मिळाली, तर त्या तीन दिवसांचे कौतुक करा.

हे सोपे नाही. दिवसभर थकून आलेल्या माणसाचा तोल जातोच. पण स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे की घरात टीका आणि राग सतत असेल तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. म्हणून काळजी घेणाऱ्यांनी जबाबदारी वाटून घ्यावी आणि स्वतःच्या विश्रांतीलाही जागा ठेवावी.

‘लग्न करून दिलं की सुधारेल’

लग्न हा उपचार नाही. नवे घर, नवी माणसे, न बोललेल्या अपेक्षा हे सगळे याच अडचणींवर ताण देते. लग्न करायचेच नाही असा याचा अर्थ नाही. प्रकृती स्थिर असावी, व्यक्तीची स्वतःची इच्छा असावी आणि समोरच्या कुटुंबाला आजार प्रामाणिकपणे सांगितलेला असावा.

बाधा, करणी आणि पूजा

नारायण नागबळी आणि कालसर्प पूजेसाठी त्र्यंबकेश्वरला दूरदूरची कुटुंबे येतात. घरातल्या आजारपणासाठी येणारेही त्यांत असतात. पूजेने मनाला धीर मिळत असेल तर ती करावी, मात्र तिच्यासाठी औषध थांबवू नये आणि तपासणी पुढे ढकलू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर

तुम्ही आळशी नाही. मेंदूचा जो भाग इतरांसाठी आपोआप काम करतो, तिथे तुम्हाला जास्त कष्ट पडतात, म्हणून तुम्ही लवकर थकता. खिशात छोटी वही ठेवा आणि ऐकल्याबरोबर लिहा. ‘जरा पुन्हा सांगता का?’ हे विचारायला लाजू नका. मोठे काम पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करा. कोणी आपल्याबद्दल बोलत आहे असे वाटले, तर लगेच निष्कर्ष न काढता विश्वासातल्या एका व्यक्तीला विचारा. आजार कोणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे.

नाशिकमध्ये मदत कुठे मिळेल?

- जिल्हा शासकीय रुग्णालय, त्र्यंबक रोड: इथे मानसोपचार सेवा मिळते. ग्रामीण भागातील कुटुंबांनी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन पुढे पाठवण्याची चिठ्ठी घेतली तरी चालते.
- टेली-मानस, १४४१६: केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मोफत, चोवीस तासांची दूरध्वनी सेवा. मराठीत बोलता येते.
- विमा: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. पॉलिसी घेताना आजार लपवू नका.
- दिव्यांग प्रमाणपत्र: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. स्वतःची काळजी, नाती, संवाद व समज आणि काम या चार बाजू आणि आजाराचा कालावधी पाहून टक्केवारी ठरते. अनेक सवलतींसाठी ती किमान ४० टक्के लागते. सौम्य अडचणी असलेल्या अनेकांना याची गरजही पडत नाही.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

- कोणी दिसत नसताना आवाज ऐकू येऊ लागले, किंवा समजुती एकदम पक्क्या झाल्या
- खाणेपिणे, झोप, अंघोळ सुटली
- काही आठवड्यांत अभ्यास किंवा काम झपाट्याने घसरले
- आत्महत्येचे बोलणे, किंवा स्वतःला वा इतरांना इजा करण्याची भीती

आत्महत्येचे विचार असतील तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. १४४१६ वर फोन करा. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

स्किझोटायपल विकारात विसरणे, रेंगाळणे आणि गोंधळणे हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. दुसरी कारणे तपासून घ्या, कोणती क्षमता कमी पडते ते मोजून घ्या, आणि तिथे चिठ्ठी, गजर, ठरलेला क्रम आणि शांत शब्द यांचा आधार द्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांना संशय किंवा भास यांबद्दल सांगालच. लक्ष आणि स्मरणाबद्दलही आवर्जून सांगा. तुम्ही विचारले नाही, तर हा विषय बऱ्याचदा मागेच राहून जातो.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. निदान आणि औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटावे.)